परत न आलेला प्लग

शनिवार पेठेत राहून मी व्हॉल्व्हच्या कंपनीत नोकरी केली, हे आमच्या शेजाऱ्यांच्या कधी नीट पचनी पडलं नाही. समोरच्या लेल्यांनी एकदा विचारलं होतं, "हृदयाचे व्हॉल्व्ह का हो?" मी म्हटलं, "नाही, रिफायनरीचे." त्यांचा चेहरा उतरला. "मग आमच्या काही उपयोगाचे नाहीत," असं म्हणून ते पुन्हा पेपरात शिरले.

आता निवृत्तीनंतर या अंकाच्या संपादकबाईंनी कामाबद्दल लिहायला सांगितलं, आणि वर बजावलं, "लोकांना समजेल असं लिहा." म्हणून सुरुवात घरच्या नळापासून करते. नळ उघडून पाहिलात तर आत एक खाली-वर होणारा तुकडा दिसतो आणि तो जिथे टेकतो ती गोल जागा दिसते. आमच्याकडे त्या तुकड्याला प्लग म्हणतात आणि टेकण्याच्या जागेला सीट. प्रवाहाच्या थेट तोंडी येणाऱ्या या आतल्या भागांना मिळून म्हणायचं ट्रिम. बाहेरची जाडजूड बॉडी वर्षानुवर्षं टिकते. झिजते ती ट्रिम. घरी ती झिजली की नळ ठिबकतो आणि आपण खाली बादली ठेवतो. रिफायनरीत बादली ठेवून भागत नाही.

ती ट्रिम कोणत्या धातूची करायची हे ठरवणं माझं काम होतं. मी शिकले धातुशास्त्र, आणि नोकरीभर या एकाच प्रश्नाची उत्तरं देत राहिले. गिऱ्हाइकांना वाटायचं, त्यात ठरवायचं काय, सगळ्यात कडक असेल ते द्या. औषधाच्या दुकानात जाऊन सगळ्यात जालीम गोळी मागावी तसं. एका प्रकल्पाचे इंजिनिअर तर हटूनच बसले होते. त्यांच्या वायूत गंधकाचं प्रमाण भरपूर, आणि अशा वायूत कडक केलेलं पोलाद वरून ठणठणीत दिसतं पण एक दिवस काचेसारखं तडकतं. मी मुद्दाम नरम ठेवलेलं पोलाद सुचवलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आम्हाला मऊ माल खपवताय." मी चार वेळा समजावलं, पाचव्यांदा त्यांच्या साहेबांना समजावलं. व्हॉल्व्ह उत्तम चालला. ते गृहस्थ मात्र माझ्यावर अजून नाराज आहेत असं ऐकते.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसल्यापासून डोळ्यांसमोर येतात ते भोयर, त्यामुळे त्यांच्याबद्दलच लिहिते.

गजानन भोयर मूळचे वर्ध्याकडचे. आयटीआयला वेल्डिंग शिकले, कामासाठी पुण्याला आले आणि काही वर्षांनी भोसरीत एका गल्लीत त्यांनी स्वतःची शेड टाकली. आत एक भट्टी, दोन वेल्डिंग मशीन, एक लेथ आणि त्यांच्या पत्नी सुनंदाताई. काम एकच, पण ते करावं त्यांनीच. झिजलेल्या प्लगवर आणि सीटवर कोबाल्टच्या मिश्रधातूचा नवा थर चढवायचा. याला हार्डफेसिंग म्हणतात. सांगायला सोपं आहे. प्लग आधी भट्टीत तापवायचा, तापलेला असतानाच थर चढवायचा आणि मग चुन्याच्या भुकटीत पुरून अगदी हळूहळू गार होऊ द्यायचा. घाई केली की थराला तडे जातात. भोयर घाई करत नसत. माणूस उंच, किडकिडीत आणि कामाच्या बाबतीत गर्विष्ठ. आपल्या थराला तडा गेलेला नाही हे त्यांना माहीतच असायचं, तरी तपासणी सुनंदाताई करायच्या. लाल रंग फवारायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. बारीकशी चीर असली तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. सुनंदाताई चष्मा कपाळावर सरकवून प्लग हातात फिरवत पाहायच्या आणि म्हणायच्या, "घेऊन जा, मॅडम. काही नाही यात." एखाद्या वेळी काही निघालं तर नवऱ्याकडे बघून नुसतं बोट दाखवायच्या. भोयरांचं तोंड त्या दिवशी एवढंसं व्हायचं.

आमच्या कंपनीचं हार्डफेसिंगचं काम त्यांच्याकडे जायचं, आणि त्यातला मोठा वाटा होता समुद्रकाठच्या एका रिफायनरीचा. त्या रिफायनरीत एक व्हॉल्व्ह होता. त्याचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

एका टाकीत भयंकर दाबाखाली गरम तेल असतं आणि त्यात हायड्रोजन विरघळलेला असतो. हे तेल पुढच्या टाकीत सोडायचं, जिथे दाब अगदी कमी. मधे हा व्हॉल्व्ह. सोड्याची बाटली उघडल्यावर फस्सकन फेस येतो ना, तसं त्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी अष्टौप्रहर चाललेलं असतं, फक्त कित्येक पटींनी जोरात. त्यातून तेलात आधीच्या प्रक्रियेतल्या उत्प्रेरकाची पिठासारखी बारीक पूड मिसळलेली. हे सगळं प्लगवर आदळतं. काही महिन्यांनी प्लग बाहेर काढला की उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसायचा. तो आमच्याकडे यायचा, आम्ही भोयरांकडे पाठवायचो, नवा थर लेवून तो परत समुद्रकाठी जायचा. तोवर त्याच्या जागी बसवलेला दुसरा प्लग झिजलेला असायचाच. असं बरीच वर्षं सुरळीत चाललं होतं. सुरळीत म्हणजे आमच्या दृष्टीनं.

मग रिफायनरीकडून पत्र आलं. व्हॉल्व्ह बंद करूनही नीट बंद होत नाही, सीटवरून गळती होते, त्यातून एक किरकोळ घटना घडली आहे, तरी ट्रिमच्या धातूचा फेरविचार करावा. आमच्या साहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बघा काय ते."

बघायचं काय ते मला आधीपासून माहीत होतं. कोबाल्टचा थर चांगला असला तरी या जागेचा मार सोसण्यापलीकडचा होता. इथे हवं होतं टंगस्टन कार्बाइड. दगड फोडणाऱ्या छिन्नीच्या टोकाला बसवतात ते. इतकं कठीण की ती पूड त्याच्यावरून नुसती घसरून जाते. पण त्याचे दोन अवगुण. ते ठिसूळ असतं आणि वेल्डिंगला दाद देत नाही. तयार तुकडा घ्यायचा आणि धातूच्या खोबणीत गच्च बसवायचा. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात? धाव तापवून फुगवायची, चाकावर ठोकायची, गार झाली की ती आवळून बसते. तसंच हे.

बसवण्याच्या या कामाला मला भोयरच हवे होते. भट्टी अंश अंश चढवण्याचा तसा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. मी नकाशा घेऊन भोसरीला गेले. भोयरांनी तो पाहिला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"हा दगड आहे, मॅडम. धातू नाही."

"दगडच हवाय तिथे."

"म्हणजे माझ्या थरावरचा भरवसा उडाला म्हणा ना."

"थर उत्तम आहे. जागा वाईट आहे."

"इतकी वर्षं नव्हती वाईट?"

मी समजावत राहिले. ते ऐकत होते, पण त्यांनी शेडच्या कोपऱ्यातल्या रॅककडे पाहिलं, तेव्हा मला कळलं की ते माझा नकाशा तपासत नव्हते, स्वतःचं पुढचं आयुष्य तपासत होते. त्या रॅकवर निम्म्याहून जास्त तुकडे त्याच रिफायनरीचे होते. "हे टिकलं तर आमच्याकडे यायचंच नाही काही," ते म्हणाले. चिडले की त्यांची गावाकडची भाषा वर यायची. "मले नाही करायचं हे. दुसरीकडून करून घ्या."

सुनंदाताईंनी चहा पुढे केला. मी तो उभ्यानंच घेतला आणि निघाले.

दुसरीकडून करून घेतलं. चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात, चकचकीत मशीनवर. व्हॉल्व्ह गेला, बसला, चालू झाला. आणि काही आठवड्यांत त्यातलं कार्बाइड सुटून तडकलं. एक तुकडा सीटमध्ये अडकला आणि तो सगळा विभाग थांबवावा लागला.

तडकण्याचं कारण मला तुकडे पाहिल्यावर समजलं. तापल्यावर स्टेनलेसची खोबण जेवढी फुगते त्याच्या निम्मंदेखील कार्बाइड फुगत नाही. थंड असताना गच्च वाटणारी पकड गरम तेलात ढिली पडली, तुकडा थरथरू लागला आणि ठिसूळ वस्तू थरथरली की फुटते. पकडीचा हिशोब मी काढून दिला होता, पण त्या कारखान्यानं तुकडा घाईनं बसवताना खोबण एका अंगाला जास्त तापवली होती. ती वाकडी आवळली गेली. मी नवा आराखडा केला. खोबणीसाठी कमी फुगणारा निकेलचा मिश्रधातू घेतला आणि पकड आणखी घट्ट धरली. आता तर ती सगळीकडून सारखी तापवणं फारच महत्त्वाचं झालं.

त्याच सुमारास रिफायनरीचे देखभाल विभागाचे प्रमुख पुण्याला आले. तांडेल त्यांचं नाव. बुटके, रुंद खांद्यांचे, आवाज हळू. मीटिंगमध्ये आमचे साहेब बराच वेळ दिलगिरी व्यक्त करत होते. तांडेलांनी ती पूर्ण होऊ दिली आणि विचारलं, "पुढचा कोण बसवणार?"

मी म्हटलं, "ज्यांनी बसवावा असं मला वाटतं, ते नाही म्हणतात."

"कुठे असतात?"

"भोसरीला."

"चला की मग."

साहेबांना हे आवडलं नाही. गिऱ्हाइकाला आपल्या पुरवठादाराच्या शेडमध्ये नेत नाहीत. पण तांडेल खुर्ची मागे सरकवून उभेसुद्धा राहिले होते.

आम्ही पोचलो तेव्हा भोयर लेथवर होते. मी ओळख करून दिली. भोयरांनी हात पुसले, नमस्कार केला, आणि मला काही बोलू न देता म्हणाले, "मी मॅडमना सांगितलंय, साहेब. ते काम माझं नाही."

रॅकवरचा एक प्लग तांडेलांनी उचलला, कुरतडलेला भाग अंगठ्यानं चाचपला.

"हा आमचा."

"हो जी."

"तुम्हाला माहीत आहे हा कुठे बसतो?"

"व्हॉल्व्हमध्ये," भोयर म्हणाले.

"तो व्हॉल्व्ह कुठे बसतो?"

भोयरांनी प्लगकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते कधी कोणी सांगितलं नाही, साहेब. तुकडा येतो, मी करतो, तुकडा जातो."

तांडेलांनी सांगितलं. शेडमध्ये एक स्टूल होतं, त्यावर बसून, प्लग मांडीवर ठेवून, शाळेत सांगावं तसं. जास्त दाबाची टाकी, कमी दाबाची टाकी, मधे हा. वरच्या टाकीतलं तेल संपत आलं की यानं घट्ट बंद व्हायचं. नाही झाला तर तेलामागून वायू घुसतो, आणि खालची टाकी तो दाब सोसायला बनवलेलीच नसते. "त्या दिवशी हा बंद झाला नाही. कंट्रोल रूममधून बंद केला, पण आतून वाहतच राहिला. मग हाताचा व्हॉल्व्ह बंद करायला माणूस धावला. सावंत म्हणून आमचा. चाक फिरवत होता आणि शेजारच्या जोडातून गरम तेलाचा फवारा आला. त्यानं चाक सोडलं नाही. पूर्ण बंद करूनच मागे फिरला."

"मग?" सुनंदाताईंनी विचारलं.

"वाचला. दोन्ही हात गेले, म्हणजे आहेत, पण बोटं मिटत नाहीत. स्टोअरमध्ये बसतो आता. शर्टाची बटणं बायको लावून देते."

पत्रातली किरकोळ घटना ती ही. मला ती तिथे, त्या शेडमध्ये, भोयरांच्या बरोबरीनंच कळली. माझ्या टेबलावर आलेल्या कागदात सावंतांचं नाव नव्हतं, हातही नव्हते.

भोयरांनी विचारलं, "त्या दिवशी आत होता तो प्लग... माझ्याकडचा?"

"तुमच्याकडचाच. पण तुमची चूक नव्हती. थर होता तोवर त्यानं काम केलं. त्या दिवशी तो उरलाच नव्हता."

"हो, पण माझ्याकडचाच."

"हो."

भोयर उठून शेडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. गल्लीत एक टेंपो मागे घेत होते, त्याचा टिवटिव आवाज संपेपर्यंत ते तसेच उभे होते. मग वळून मला म्हणाले, "नकाशा आणलाय?"

पुढचे काही दिवस मी ऑफिसपेक्षा भोसरीतच जास्त होते. भोयरांनी आधी निकेलच्या वाया गेलेल्या कड्या घेऊन सराव केला. खोबणीवर तापमानाच्या खडूनं चारी बाजूंनी रेघा मारायच्या. ठरावीक तापमानाला त्या रेघा वितळतात. चारी रेघा एकदम वितळल्या तर खोबण सारखी तापली. एखादी मागे राहिली की ते भट्टी बंद करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. माझा धीर सुटत होता. त्यांचा नाही. शेवटी ज्या दिवशी खरा तुकडा बसवला, त्या दिवशी चारी रेघा एकाच क्षणी ओघळल्या, भोयरांनी चिमट्यानं कार्बाइडचा तुकडा उचलून सरळ आत सोडला, आणि तो टक् असा आवाज करून तळाला टेकला. गार झाल्यावर सुनंदाताईंनी लाल रंग मारला, पुसला, पावडर मारली. प्लग फिरवून फिरवून पाहिला. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. यावेळी त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला.

निघताना भोयर म्हणाले, "मॅडम, एकदा ती जागा पाहता येईल का? कुठे बसतो ते?"

मी म्हटलं, का नाही? तांडेलही म्हणाले होते, या कधीही. पण रिफायनरीचं फाटक तांडेलांच्या मालकीचं नव्हतं. आत येण्याचं कारण काय, असं सुरक्षा विभागानं विचारलं. पाहणं हे कारण होत नाही. शिवाय भोयर हे त्यांचे पुरवठादार नव्हते, पुरवठादाराचे पुरवठादार होते, आणि अशा माणसाला आत सोडायची पद्धत नव्हती. मी पुन्हा लिहिलं, तांडेलांनी आपल्या वरिष्ठांना सांगून पाहिलं. नाहीच झालं. भोयरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असू द्या जी. मोठ्या जागा अशाच असतात." आणि कामाला लागले.

प्लग चालला. मी आधी दर आठवड्याला फोन करायचे, मग महिन्याला. तांडेल म्हणायचे, "मॅडम, काही असलं तर मीच करीन." त्यांचा फोन आला नाही. पुढे रिफायनरीचा देखभालीसाठीचा मोठा शटडाऊन आला, तेव्हा व्हॉल्व्ह उघडताना मला बोलावलं. प्लग बाहेर आला, त्यावरची काजळी पुसली, आणि खाली नितळ, काळसर, आरशासारखं कार्बाइड. कडा जशाच्या तशा. पकड एका केसानंही हलली नव्हती. तिथे उभे असलेले सगळे आळीपाळीनं हात लावून पाहत होते. तांडेलांनी एका माणसाला पुढे बोलावलं. त्यानं मनगटाच्या मागच्या बाजूनं प्लगवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि गर्दीत मागे सरकला. ते सावंत होते हे मला ते गेल्यावर कोणीतरी सांगितलं.

कंपनीत माझं कौतुक झालं. एका परिषदेत मी त्यावर निबंध वाचला. इतर रिफायनऱ्यांकडून त्याच ट्रिमची मागणी येऊ लागली, आणि आमच्या साहेबांनी यापुढे असल्या जागी कार्बाइडच, असा नियम करून टाकला. नियम योग्यच होता. पुन्हा ठरवायची वेळ आली तर मी तेच ठरवीन. सावंतांच्या हातांसमोर दुसरं काही ठरवता येणार नाही. तरीही आनंदानं भोसरीला बातमी द्यायला गेले तो दिवस आठवला की मला अजून कसंतरी होतं.

शेडमध्ये भट्टी थंड होती. रॅक जवळजवळ रिकामा होता. भोयर एका पंपाच्या दांड्यावर बारीकसारीक काम करत होते.

"उघडला, भोयर! एक ओरखडा नाही."

ते ताडकन उभे राहिले. "पकड?"

"जशीच्या तशी."

"सगळीकडून?"

"सगळीकडून. मी भिंगातून पाहिली."

त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं तसं मी आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सुनंदाताईंना हाक मारली, "ऐकलंस का? जशीच्या तशी आहे म्हणतात."

सुनंदाताई आल्या, माझं सगळं ऐकून घेतलं. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता तो परत येत नाही."

त्यात टोमणा नव्हता. पावसाळा संपला म्हणावं तसं त्या म्हणाल्या. हसू मात्र भोयरांच्या चेहऱ्यावरून उतरलं आणि मला खुर्चीवर नीट बसता येईना.

मी प्रयत्न केले. कार्बाइड बसवायचं पुढचं काम त्यांना मिळावं म्हणून भांडले. पण आता तो आमचा मोठा माल झाला होता, आणि गिऱ्हाइकं विचारू लागली होती की हे कोण करतं, त्यांच्याकडे कोणती प्रमाणपत्रं आहेत, भट्टीला संगणक आहे का. खडूच्या रेघा कोणाला दाखवणार? बाहेरच्या तपासनीसांनी शेडला भेट दिली, चुन्याचं पिंप पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. भोयरांना नवीन मशीन घ्या म्हटलं, तर ते म्हणाले, "या वयात मशीनचा नोकर होऊ काय?" किरकोळ हार्डफेसिंग मी त्यांच्याकडे पाठवत राहिले. तेही हळूहळू यंत्रावर करणाऱ्यांकडे गेलं. एका दिवाळीत मी मिठाई घेऊन गेले तर शेडला कुलूप होतं आणि शेजारच्या स्प्रिंगवाल्यानं सांगितलं, "भोयर? ते मुलाकडे गेले. हिंजवडीला."

मी फोन केला. सुनंदाताई म्हणाल्या, "या न मॅडम." पण मी या ना त्या कारणानं जायचं लांबवत राहिले. त्यांना काय सांगायचं हेच मला समजत नव्हतं. निवृत्त झाले, तेव्हा सांगण्यासारखं काही असण्याची गरज उरली नाही, आणि मी गेले.

मुलगा-सून दोघं आयटी कंपनीत. उंच इमारत, वरचा मजला, बाल्कनीतून खाली बसच्या आणि गाड्यांच्या न हलणाऱ्या रांगा. सुनंदाताईंनी तर्री पोहे केले. त्या मजेत होत्या. नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, भाजी, सोसायटीतल्या बायकांचं भजन. भोयर घरात नव्हते.

"खाली असतील," त्या म्हणाल्या. "आता तुम्हीच सांगा काही त्यांना. रोज जातात. समोर ते पुलाचं का कशाचं काम चाललंय न, तिथल्या पत्र्यापाशी उभे राहतात. वॉचमन दोनदा घरी सोडून गेला. त्याला वाटलं, आजोबा घर विसरले. पोराला लाज वाटते."

मी खाली उतरले. रस्त्यापलीकडे निळ्या पत्र्यांचं कुंपण होतं आणि त्यामागे लोखंडी सांगाड्याचं वेल्डिंग चाललं होतं. वरच्या फटींतून निळा उजेड फडफडत होता. भोयर कुंपणाजवळच उभे होते, पण कामाकडे पाठ करून. हात मागे बांधलेले, मान किंचित कललेली, डोळे रस्त्यावर. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

"भोयर."

त्यांनी पाहिलं, ओळखलं, आणि नमस्काराऐवजी बोट उचललं. थांबा. मी थांबले. मागचा आवाज काही वेळ एकसारखा चालला, कडकडीत तेलात भजी तळावीत तसा, आणि मग संपला.

"मॅडम, तुम्ही इथे कुठे?"

"तुमच्याकडेच आलेय. इथे काय करताय?"

"ऐकतोय. बघायचं नसतं, डोळे जातात. आवाजावरून समजतं सगळं. सकाळचा एक असतो, तो घाई करतो. त्याचा आवाज फुटतो. दुपारी हा येतो." आत पुन्हा ठिणगी पडली आणि आवाज सुरू झाला. भोयरांनी मान पुन्हा कलती केली. "हा पाहा. कसा धरलाय. हात हलत नाही बिलकूल."

मीही रस्त्याकडे तोंड करून त्यांच्याशेजारी उभी राहिले. मला एवढं बारीक कळत नाही, पण आवाज एकसारखा होता हे खरं. जोड मोठा असावा. बराच वेळ चालला. कुंपणाच्या फाटकातून सुरक्षारक्षकानं आमच्याकडे पाहिलं आणि एकाच्या जागी दोन झालेले पाहून तो बिचारा पुन्हा आत गेला.

आवाज थांबला तेव्हा भोयरांनी श्वास सोडला. "चांगला आहे," ते म्हणाले. "पुष्कळ चांगला आहे."

"कोण आहे तो?" मी विचारलं.

"कोणास ठाऊक," भोयर म्हणाले. "चेहरा नाही पाहिला कधी."